ओळख पुसण्याचा उद्योग

हल्लीं कोणत्याही मोठ्या धंद्याचें धोरण बदललें, कीं पहिली कुऱ्हाड त्याच्या बोधचिन्हावर पडते. माल तोच, माणसें तींच, तक्रारीचें उत्तर पूर्वीप्रमाणेंच आठवड्यानें यावयाचें. परंतु दारावरची खूण मात्र एका रात्रींत निराळी. जुन्या चिन्हाच्या कडा टोंकदार असतील तर गोल होतात, गोल असतील तर टोंकदार होतात. रंग भडक असेल तर फिका होतो, फिका असेल तर भडक होतो. मग एक लांबलचक पत्रक निघतें आणि नव्या चिन्हाच्या दोन तिरप्या रेघांत गति, आपुलकी व उज्ज्वल भविष्यकाळ हीं तिन्ही साठविलीं आहेत असें आपणांस सांगण्यांत येतें. ज्यास तीं दिसत नाहींत त्याची दृष्टि मागासलेली असें समजावयाचें. धंद्याच्या परिभाषेंत ह्या प्रकारास ब्रँडचें नवीकरण म्हणतात. आम्ही त्यास ओळख पुसण्याचा उद्योग म्हणतों. आणि तसें कां म्हणतों हें सांगण्यासाठींच हा लेख आहे.

एखादा वाचक म्हणेल, कीं जगांत विचार करण्याजोगे प्रश्न थोडे आहेत काय, म्हणून व्यापाऱ्यांच्या चिन्हांसाठीं मासिकाचीं पानें खर्चीं घालावींत? आम्हांसही कांहीं महिन्यांपूर्वीं असेंच वाटत होतें. परंतु घरांतलाच एक प्रसंग घडला आणि आमचें मत पालटलें.

आमच्या एक मावशी ऐंशीच्या घरांत आहेत. पतीच्या मागें त्यांना जें कुटुंबनिवृत्तिवेतन मिळतें तें एका बँकेंत जमा होतें. नातवंडांनीं मोठ्या खटपटीनें त्यांना मोबाईलवर खात्यांतील शिल्लक पाहण्यास शिकविलें. मावशींना वाचतां येत नाहीं असें नाहीं. परंतु मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर बारीक अक्षर त्यांना नकोसें वाटतें, म्हणून त्या बँकेचें ॲप ओळखीत तें त्याच्या चिन्हावरून : तांबड्या चौकोनांतील पांढरी खूण, तिसऱ्या ओळींत डावीकडून दुसरी. एके दिवशीं सकाळीं त्या जागीं जांभळ्या वर्तुळांत दोन तिरप्या रेघा दिसूं लागल्या, आणि खालचें नांवही आखूड झालें. ॲप रात्रींतून आपोआप अद्ययावत झालें होतें. मावशींनीं काय करावें? खोट्या ॲपांपासून सावध रहा, अनोळखी चिन्हास बोट लावूं नका, असें त्यांना वर्षभर बँकेच्याच संदेशांनीं बजावलें होतें. त्यांनीं तो उपदेश अक्षरशः पाळला. अनोळखी चिन्ह दिसतांच तें काढून टाकलें, आणि आपण फसविल्या गेलों कीं काय ह्या लाजेनें दीड महिना कोणास कांहीं सांगितलें नाहीं. औषधांचें बिल भागविण्याची वेळ आली तेव्हां गोष्ट बाहेर पडली.

आम्ही त्यांना घेऊन बँकेच्या शाखेंत गेलों. तेथील तरुण कारकून सज्जन होता. तो हंसून म्हणाला, “आजी, ॲप तेंच आहे हो, फक्त लोगो बदललाय.” मावशींनीं भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलें; तेथें जुनेंच तांबडें चिन्ह होतें. हातांतल्या पासबुकाकडे पाहिलें. त्यावर त्याच्याही आधींचें चिन्ह होतें. मग त्यांनीं विचारलें, “मग खरा कोणता, बाळ?” कारकून कांहीं बोलला नाहीं. बँकेचें नांव आम्ही घेत नाहीं. दोष तिच्या एकटीचा असता तर हा लेख लिहिण्याचें कारणच पडलें नसतें.

ह्या हकिगतींत चूक कोणाची? मावशींची खचित नव्हे. ज्या शहाणपणाची त्यांच्याकडून अपेक्षा होती तें शहाणपण त्यांनीं दाखविलें. चूक त्यांची आहे, ज्यांनीं खऱ्याची खूण खोट्यासारखी अनोळखी करून टाकली आणि त्यास नवीकरण हें गोंडस नांव दिलें. ठकाचा सर्व धंदा मुळीं खऱ्याची खूण चोरण्यावर चालतो. ज्या काळांत असे ठक घरोघरीं पोहोंचले आहेत त्या काळांत खऱ्यानें तरी आपली खूण स्थिर ठेवावी, हें सांगण्यास कोणी पंडित लागतो असें आम्हांस वाटत नाहीं.

खुणेचें महत्त्व आपल्या लोकांस कोणी पाश्चात्य पंडितानें शिकविलेलें नाहीं. ‘छाप’ हा शब्दच पाहा. आपल्या आज्या वाण्याकडे मुलांना धाडीत तेव्हां कारखानदाराचें नांव सांगत नसत, छाप सांगत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आणि विसाव्याच्या आरंभीं मँचेस्टरचें कापड मुंबई-कलकत्त्याच्या बाजारांत येई, तेव्हां त्याच्या ताग्यांवर देवदेवता, हत्ती, वाघ, राजेरजवाडे ह्यांचीं रंगीत तिकिटें चिकटविलेलीं असत. गिऱ्हाईकास इंग्रजी वाचतां येत नसे. तें चित्र पाहून ताग्यावर हात ठेवी. परका व्यापारी झाला तरी त्यास एवढें कळत होतें, कीं चित्र बदललें तर माल परका ठरेल.

निवडणुकीचें उदाहरण तर सर्वांच्या परिचयाचें आहे. १९५१ च्या जनगणनेंत साक्षरांचें प्रमाण शेंकडा १८ च्या आसपास होतें, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीस आरंभ झाला. अशा देशांत मतदान शक्य झालें तें चिन्हांमुळें. पुढें १९६९ च्या फुटीनंतर काँग्रेसच्या एका पक्षाची बैलजोडी गेली आणि गाय-वासरूं आलें; १९७८ च्या फुटीनंतर हाताचा पंजा आला. परंतु हे बदल कोणी हौसेनें केले नव्हते. चिन्ह हातचें जाणें ही आपत्ति आहे हें प्रत्येक पक्ष जाणतो, म्हणून तर चिन्हासाठीं न्यायालयाच्या पायऱ्या झिजविल्या जातात. जी वस्तु राखण्यासाठीं राजकारणी पुरुष जिवाचें रान करतात ती वस्तु व्यापारी पुरुष दर पांच-सात वर्षांनीं स्वतःच्या हातानें उकिरड्यावर टाकतात, हें मोठें नवल आहे.

आपल्याच इतिहासांतला आणखी एक दाखला द्यावासा वाटतो. शिवछत्रपतींच्या नांवाची तांब्याची शिवराई पिढ्यान् पिढ्या ह्या देशांत चालली. राज्याची सूत्रें साताऱ्याहून पुण्यास गेलीं, छत्रपति बदलले, पेशवे बदलले, टांकसाळी वाढल्या, नाण्याच्या वजनांत व अक्षरांच्या वळणांत फरक पडत गेले; परंतु पैशावरचें नांव शिवछत्रपतींचेंच राहिलें. बाजारांतल्या माळणीस पुण्याच्या दरबारांतील घडामोडी ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. तिला तिच्या तळहातावरचा पैसा खरा आहे एवढें कळलें म्हणजे पुरे होतें. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर धोरण अनेकदां बदललें, चिन्ह राखलें गेलें.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. आपल्या देशांत व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा १९४० सालीं झाला. आज १९९९ चा कायदा अंमलांत आहे. नोंदलेल्या चिन्हांत मालकास कांहीं फेरफार करावयाचा असेल तर तो चिन्हाच्या ओळखीस मोठा धक्का लावणारा नसावा, अशी अट ह्या कायद्याच्या ५९ व्या कलमांत आहे. सर्वस्वी निराळें चिन्ह हवें असेल तर त्याची नोंदणीही निराळी करावी लागते. म्हणजे ओळख टिकविणारा फेरफार आणि ओळख मोडणारा फेरफार ह्यांतील भेद कायद्यासही मान्य आहे. परंतु कायद्याची धांव मालकाचें नकलाकारापासून रक्षण करण्यापर्यंत. मालकच आपल्या चिन्हाचा घात करूं लागला तर ग्राहकानें कोणाकडे दाद मागावी? तेथें कायद्याचें बोट सुटतें आणि मालकाची सद्बुद्धि हाच एक आधार उरतो.

ही सद्बुद्धि अलीकडे इतकी दुर्मिळ कां झाली? ह्याचें एक कारण लोभ, दुसरें कारण हौस, हें सर्वच सांगतील. आमच्या मतें तिसरेंच कारण मुख्य आहे, आणि तें म्हणजे बदलाचा सोपेपणा. पूर्वीं एखाद्या पेढीस आपलें चिन्ह बदलावयाचें झाल्यास रंगाऱ्यास बोलवावें लागे, पाट्या उतरवाव्या लागत, पत्रांचे कागद, रबरी शिक्के, पावतीपुस्तकें, गाड्यांचे फळे हें सर्व नव्यानें करावें लागे. खर्चाचा आंकडा समोर आला म्हणजे मालकाचें वृद्धत्व जागें होई आणि तो म्हणे, “असूं द्या, वडिलांच्या वेळचें आहे.” हा कंजूषपणा होता खरा, पण त्याच्या आश्रयानें लोकांच्या ओळखीचें रक्षण होत होतें.

आतां पडद्यावरच्या मालाच्या बाबतींत ‘डिझाइन सिस्टिम’ नांवाची व्यवस्था आली आहे. ही व्यवस्था मूळची फार चांगली आहे हें आम्ही प्रथमच कबूल करतों. कंपनीचीं दहा-वीस उत्पादनें, तीं घडविणारे शेंकडों कारागीर. प्रत्येकानें आपापल्या मगदुराप्रमाणें चिन्ह काढलें तर एकाच चिन्हाचीं दहा रूपें व्हावयाचीं. म्हणून सर्व चिन्हें, रंग, अक्षरें आणि बटणें एका कोठारांत ठेवावयाचीं, प्रत्येकास नांव द्यावयाचें, आणि सर्वांनीं तेथूनच उचलावयाचीं. कोठारांतील चिन्ह बदललें कीं तेथून उचललेलें प्रत्येक चिन्ह पुढच्या आवृत्तीबरोबर आपोआप बदलतें. शिस्त राखण्यासाठीं निघालेली ही युक्ति. परंतु तिचा परिणाम असा झाला, कीं चिन्ह बदलणें हें वरिष्ठांस गादीवरची चादर बदलण्याइतकें सोपें वाटूं लागलें. ज्या यंत्रानें एकरूपता राखावयाची त्याच यंत्रानें अस्थिरता घाऊक दरानें निर्माण होऊं लागली.

आणि तो सोपेपणा तरी खरा आहे काय? ज्यांच्या हातून हें काम होतें त्यांना विचारून पाहावें. चिन्ह एक नसतें. तें उजेड्या पार्श्वभूमीवर एक, काळ्या पार्श्वभूमीवर दुसरें, एकरंगी छपाईसाठीं तिसरें, नांवासहित चौथें, नांवाविना पांचवें. मोठ्या फलकावर शोभणारी नाजूक रेघ ब्राउझरच्या पट्टीवरच्या १६ बिंदूंच्या चौकोनांत पुसट होऊन जाते. तेथें निराळेंच रूप काढावें लागतें. अंधांस पडदा वाचून दाखविणाऱ्या यंत्रासाठीं चिन्हामागें जें नांव लिहिलेलें असतें तें बदलावयाचें राहिलें, तर डोळसास नवें नांव दिसतें आणि अंधास जुनें ऐकूं येतें. साहाय्यपुस्तिकांतलीं चित्रें, शिकवणीचे चित्रपट, ग्राहकांस पाठविलेल्या ई-पत्रांचे साचे, करारांचे मसुदे, दुसऱ्यांच्या संकेतस्थळांवर दिलेलीं चिन्हें, हीं त्या कोठारांत नसतातच; तीं एकेक शोधून बदलावीं लागतात. एखाद्या जुन्या कारागिरानें घाईंत चिन्ह कोठारांतून न उचलतां त्याची प्रत चिकटविलेली असते. ती प्रत वर्षानुवर्षें तशीच राहते. आवृत्तीचा मोठा आंकडा वाढवून, जुन्या नांवाचा हांकेस ओ देणारा पर्याय कांहीं काळ ठेवून, केव्हां काय बंद होणार हें आधीं जाहीर करून हें काम नीट करतां येतें. परंतु त्यास महिने लागतात, आणि उद्‌घाटनाची तारीख तर वरिष्ठांनीं आधींच ठरविलेली असते. परिणाम काय होतो तो आम्ही मावशींच्या शाखेंत पाहिला : पाटीवर एक, पासबुकावर दुसरें, मोबाईलवर तिसरें. खर्च नाहींसा झालेला नाहीं. तो कांहीं कारागिरांच्या माथीं आणि उरलेला ग्राहकांच्या खातीं टाकलेला आहे, एवढेंच.

ह्या रोगाचीं उदाहरणें शोधण्यास दूर जावयास नको. जगांतील कोट्यवधि लोक ज्या गूगल कंपनीचीं साधनें वापरतात तिच्याकडेच पाहूं. तिच्या कचेरीच्या साधनांच्या संचाचें नांव २०१६ सालीं ‘जी सूट’ ठेवण्यांत आलें, आणि चारच वर्षांनीं, ऑक्टोबर २०२० मध्यें, तें ‘गूगल वर्कस्पेस’ झालें. सर्व साधनें एकाच कुटुंबांतलीं आहेत हें दाखवावयाचें असें धोरण ठरलें. आणि त्यासाठीं निरनिराळ्या साधनांचीं चिन्हें कंपनीच्या चार रंगांत बुडवून काढण्यांत आलीं. पूर्वीं टपालाचा लिफाफा तांबडा-पांढरा होता, पंचांग निळें होतें, सभेचें चिन्ह हिरवें होतें. नुसत्या रंगावरून बोट योग्य जागीं जात होतें. आतां लिफाफ्याच्या जागीं चौरंगी ‘एम’ अक्षर, पंचांग चौरंगी, सभा चौरंगी, दप्तराचा त्रिकोणही चौरंगी. दूरून पाहावें तर चार जुळीं भावंडें एकाच कापडाचे सदरे घालून उभीं! कुटुंब एक असल्याचें सिद्ध झालें हें खरें. परंतु घरांत हांक कोणास मारावयाची हेंच समजेनासें झालें. भावंडांस एक आडनांव असावें ह्यांत गैर कांहीं नाहीं. सर्वांस एकच नांव ठेवणारा बाप मात्र आम्हीं पाहिलेला नाहीं. त्या वेळीं जगभर ह्या चिन्हांवर टीकेचा आणि थट्टेचा जो वर्षाव झाला तो आमच्या मतें यथायोग्यच होता.

येथें दृष्टिदोषाचा विचारही केला पाहिजे. संकेतस्थळें सर्वांस वाचतां यावींत म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष ठरलेले आहेत, त्यांत साध्या अक्षरांचा आणि त्यांमागील पृष्ठभागाचा उजळपणांतील भेद किमान ४.५ : १ असावा असें सांगितलें आहे, परंतु बोधचिन्हांतल्या अक्षरांस ह्या नियमांतून सूट आहे. ही सूट ज्या विश्वासानें दिलेली आहे त्याचा उपयोग नवीं चिन्हें अधिकाधिक फिकीं व एकसारखीं करण्याकडे होऊं लागला तर तो विश्वासाचा गैरफायदा होय. नियम नसला म्हणजे विवेकही नसावा असें कोठें आहे?

बाजारानें ह्या उतावळेपणास कधीं कधीं शासनही केलें आहे. अमेरिकेंतील कपड्यांच्या ‘गॅप’ कंपनीनें ऑक्टोबर २०१० मध्यें आपलें जुनें निळ्या चौकोनाचें चिन्ह टाकून नवें पुढें आणलें. लोकक्षोभ एवढा झाला, कीं आठवड्याच्या सुमारास नवें मागें घेऊन जुनें परत आणावें लागलें. त्याच्या आदल्या वर्षीं, २००९ च्या आरंभीं, ‘ट्रॉपिकाना’ ह्या संत्र्याच्या रसाच्या वेष्टनावरून नळी खुपसलेलें संत्रें काढून टाकण्यांत आलें. दुकानांतल्या फळीवर गिऱ्हाइकास आपला नेहमींचा रस सांपडेना. दोन महिन्यांच्या आंत विक्री शेंकडा २० च्या सुमारास घसरल्याचें वृत्त प्रसिद्ध झालें, आणि संत्रें निमूटपणें आपल्या जागीं परत आलें. रस तोच होता. पण ज्या खुणेच्या आधारानें हात फळीकडे जात होता ती खूणच नाहींशी झाली होती. पुढें जुलै २०२३ मध्यें ‘ट्विटर’च्या मालकांनीं निळा पक्षी उडवून लावला आणि त्या जागीं ‘एक्स’ हें एक अक्षर बसविलें. परंतु संकेतस्थळाचा जुना पत्ता पूर्णपणें बदलण्यास मे २०२४ उजाडलें. म्हणजे सुमारें दहा महिने एकाच घराच्या दारावर नवें नांव आणि पत्रपेटीवर जुनें!

प्रतिपक्षाचें म्हणणें ऐकून न घेतां निकाल देणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. तें म्हणणें तीन प्रकारचें आहे. पहिलें असें, कीं काळ बदलतो, म्हणून चिन्हानेंही बदललें पाहिजे. कागदासाठीं काढलेलें चिन्ह मोबाईलच्या लहान पडद्यावर चालत नाहीं. हें म्हणणें अर्धें खरें आहे. चिन्ह घांसावें, पुसावें, त्याच्या रेघा स्पष्ट कराव्या, ह्यास आमची मुळींच हरकत नाहीं. लंडनच्या भुयारी रेल्वेचीं अक्षरें एडवर्ड जॉन्स्टन ह्यांनीं १९१६ सालीं आणलीं, आणि बरोबर शंभर वर्षांनीं, २०१६ सालीं, तीं नव्या गरजांसाठीं सुधारण्यांत आलीं. परंतु उतारूस तीं परकीं वाटलीं नाहींत. घांसणें निराळें आणि खरवडणें निराळें.

दुसरें म्हणणें असें, कीं धोरण बदललें तर तें लोकांस दिसावें कसें? आम्ही उलट विचारतों, कीं तें चिन्हांतच दिसलें पाहिजे असा आग्रह कां? मालाच्या गुणांत दिसूं द्या, दरांत दिसूं द्या, तक्रारीच्या उत्तरांत दिसूं द्या. घरांतली माणसें बदललीं हें सांगण्यास गांवानें वेशीचें नांव बदलावें लागत नाहीं. मालकी खरोखर पालटली, दोन संस्था एक झाल्या, किंवा जुन्या चिन्हानें कोणाचा अपमान होत असला, तर बदल न्याय्य ठरतो. पण तेव्हांही हात आखडता असावा. भारतीय स्टेट बँकेंत १ एप्रिल २०१७ रोजीं पांच सहयोगी बँका विलीन झाल्या. तरीही अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेंत घडलेलें तिचें १९७१ सालचें किल्लीच्या भोंकाचें निळें वर्तुळ कायम राहिलें. एवढ्या मोठ्या उलथापालथींत खेड्यांतल्या खातेदारास आपली बँक शोधीत हिंडावें लागलें नाहीं. एअर इंडियाची मालकी जानेवारी २०२२ मध्यें टाटांकडे परत आली, आणि ऑगस्ट २०२३ मध्यें तिनें नवें चिन्ह घेतलें. परंतु १९४६ सालीं मुंबईंत बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव ह्यांनीं जन्मास घातलेल्या महाराजास तिनें घराबाहेर काढलें नाहीं. त्याची जागा थोडी लहान झाली. तरी जुन्या नोकरास कोपरा देण्याइतकी माणुसकी तेथें उरली, हें नमूद केलें पाहिजे.

तिसरें म्हणणें सर्वांत उद्धट आहे : लोक कुरकुर करतात आणि मग त्यांना संवय होते. होते खरी. जोडा चावूं लागला तरी पायास घट्टा पडून संवय होतेच; म्हणून चांभारानें चावरा जोडा शिवावा काय? शिवाय संवय ज्यांस होते त्यांचीच गणती होते. ज्यांस होत नाहीं ते मुकाट्यानें दूर होतात. ते तक्रार करीत नाहींत, त्यांची नोंद कोणत्याही तक्त्यांत पडत नाहीं. तरुणास नव्या चिन्हाची संवय दोन दिवसांत होते. सत्तरी ओलांडलेल्या मनुष्यास, अंधुक दिसणाऱ्यास, अक्षरशत्रूस, किंवा परमुलखांत मजुरीस गेलेल्या आणि घरीं पैसे धाडतांना त्या एका खुणेवर भिस्त ठेवणाऱ्या माणसास ती तशी होत नाहीं. चिन्हाची खरी गरज ह्यांनाच असते. वाचूं शकणाऱ्यास नांव पुरतें. चिन्ह हें मुळीं न वाचणाऱ्याचें नांव आहे. तेव्हां ज्यांच्यासाठीं तें आहे त्यांनाच न विचारतां तें बदलणें हा आमच्या दृष्टीनें केवळ रसिकतेचा दोष नसून न्यायाचा दोष आहे.

म्हणून ज्यांच्या हातीं हीं कोठारें आहेत त्यांस आमचें सांगणें आहे. धोरण बदललें म्हणजे प्रथम विचारावें, कीं चिन्हांतील कोणत्या अंगावर लोकांची ओळख टेकलेली आहे : रंगावर, आकारावर, कीं अक्षरावर? तें अंग शाबूत ठेवावें आणि बाकीचें हवें तर बदलावें. मास्टरकार्डनें २०१६ सालीं चिन्ह नवें केलें तेव्हां तांबड्या-पिवळ्या दोन वर्तुळांस हात लावला नाहीं. म्हणूनच २०१९ सालीं नांव काढून टाकलें तरी ओळख राहिली. नांव आणि चिन्ह दोन्ही एकाच दिवशीं कधींही बदलूं नयेत. एका दोराचा आधार सुटण्यापूर्वीं दुसरा हातीं असावा. जुनें व नवें चिन्ह कांहीं महिने शेजारीं शेजारीं दाखवावें, आणि ‘हेंच तें’ असें मराठींत, ज्या त्या भाषेंत, मोठ्या अक्षरांत सांगावें. नवीं चिन्हें एकेकटीं पांढऱ्या भिंतीवर टांगून पाहूं नयेत. लहान करून, एकमेकांशेजारीं ठेवून, वृद्धांच्या आणि रंगांधळ्यांच्या हातीं देऊन पाहावींत. पैशाच्या व्यवहाराच्या बाबतींत तर पाटी, पासबुक आणि मोबाईल हीं तिन्ही तयार झाल्याखेरीज एकासही हात लावूं नये. आणि हीं कोठारें सांभाळणाऱ्या कारागिरांस आमची विनंति आहे, कीं वरिष्ठांनीं उद्‌घाटनाची तारीख पुढें केली म्हणजे त्यांनीं माना डोलावूं नयेत. आणखी किती ठिकाणीं जुनें चिन्ह उरलें आहे त्याची यादी त्यांच्यापुढें ठेवावी. ती यादी पाहून कित्येक नवीकरणें आपोआप थंडावतील, अशी आमची समजूत आहे.

आपल्या भाषेंत ‘शिक्कामोर्तब’ हा एक जुना शब्द आहे. पत्राच्या आरंभीं शिक्का आणि अखेरीस मोर्तब. दोन्ही पटले म्हणजे पत्र खरें. शिक्का ज्याच्या हातीं असे तो त्याचा मालक नसे, राखणदार असे. आजच्या शिक्केवाल्यांस ही जाणीव उरलेली नाहीं, आणि तिचा दंड ते स्वतः भरीत नाहींत. आमच्या मावशींनीं ॲप पुन्हा घातलें नाहीं. त्या दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत रिक्षा करून शाखेंत जातात, रांगेंत उभ्या राहतात आणि पासबुक छापून घेतात. मागच्या खेपेस त्या गेल्या तेव्हां दारावरची जुनी पाटी उतरवून नवी चढविण्याचें काम चाललें होतें. शिडीवरच्या माणसास त्यांनीं विचारलें, “आतां ही तरी राहणार का रे?” तो म्हणाला, “ते आम्हांला कोण सांगतो, आजी!”